ट्रक ओढतो म्हणून उचलतोच असं नाही

"ताई, आम्ही डेन्व्हरजवळ राहतो, मूळ सांगलीचे. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. मागच्या उन्हाळ्यात तंबूत चौदा रात्री काढल्या, त्यातल्या पाच पावसात, आणि मी जाहीर करून टाकलं की यापुढे जमिनीवर झोपणार नाही. तर आता ट्रकवर बसणारा कॅम्पर घ्यायचाय. ट्रक एफ-१५०, मागचा हौदा साडेपाच फुटी. नवऱ्याला पॉप-अप हवाय, छप्पर वर उचलायचं आणि मधे कापड असतं तो, कारण त्याला युटाहच्या कच्च्या रस्त्यांवर जायचंय. मला पक्क्या भिंतींचा, हार्ड-साइडेड, आत टॉयलेटवाला. मला अस्वलांची भीती वाटते, आणि जूनमध्ये सासूसासरे तीन महिन्यांसाठी येतायत, त्यांना कापडाच्या भिंतीत कसं झोपवू? डीलर म्हणतो तुमचा ट्रक अकरा हजार पाउंड ओढतो, साडेसतराशे पाउंडांच्या कॅम्परचं काय घेऊन बसलात! दाराच्या स्टिकरचा फोटो पाठवतेय, कारण मागे तुम्ही दुसऱ्या एका बाईकडे मागितला होता. घरात रोज यावरून वाजतंय. – छपरावरून भांडणारी"

अगं छपरावरून भांडणारे,

आधी डीलरचं बघू, कारण तुझ्या नवऱ्यापेक्षा मला त्याचाच जास्त राग आलाय. बैल गाडी ओढतो, पाठीवर घेत नाही. अकरा हजार हा ओढायचा आकडा आहे, म्हणजे मागे चाकांवर चालणारा ट्रेलर जोडलास तर. कॅम्पर मागे जोडत नाहीत, तो हौद्यात बसतो, म्हणजे सगळं वजन ट्रकच्या पाठीवर, त्याच्या स्प्रिंगांवर, टायरांवर आणि ब्रेकवर. त्याचा आकडा वेगळा, त्याला पेलोड म्हणतात, आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पांढऱ्या-पिवळ्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तुझ्या फोटोत १,५८० पाउंड दिसतंय, माणसं आणि सामान मिळून. पेट्रोल त्यात धरायचं नाही हाच काय तो दिलासा, बाकी सगळं धरायचं, तुम्ही तिघं, लेकीचं दप्तर, गाडीत कायम पडून असलेली ती कुलूप नसलेली टूलबॉक्स (आमच्याकडेही आहे, प्रत्येकाकडे असते).

तर कागद घे. नवरा १८५, तू १४०, लेक ७०, मी अंदाजाने धरतेय, तुम्ही खरे आकडे घाला. झाले ३९५. उरले १,१८५. आता तुला आवडलेला तो हार्ड-साइडेड, ब्रोशरमध्ये १,७५०. म्हणजे अजून पाण्याचा थेंब भरला नाही, चमचा ठेवला नाही आणि आपण साडेपाचशेने वर गेलो. आणि ब्रोशरमधलं ते वजन "कोरडं" असतं, बहुतेक वेळा एसी, बाहेरची छत्री, जादा बॅटरी असलं काही न धरता. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, वीस गॅलनची टाकी भरली की १६५. गॅसचा नेहमीचा सिलिंडर भरलेला ३७ च्या आसपास. बॅटरी साठ. एसी वगैरे दीडशे. आणि मग कपडे, भांडी, खुर्च्या, कूलर, तांदूळ-डाळ-पीठ, ते अडीचशे कधी होतात कळत नाही. बेरीज चोवीसशेच्या पुढे. उरलेत अकराशे पंच्याऐंशी. दुप्पट, अगं.

"हाफ-टन ट्रकसाठी बनवलेला" असं त्या ब्रोशरवर लिहिलेलं असतं (हाफ-टन म्हणजे तुमच्या एफ-१५० च्या वर्गातले हलके ट्रक), आणि खोटं नसतं ते, फक्त अशा हाफ-टन ट्रकसाठी ज्याच्या स्टिकरवरचा आकडा मोठा आहे आणि ज्यात बहुतेक एकच माणूस बसतो. आणि कुणी सांगेल की स्प्रिंगा जाड करा, एअरबॅग घाला, ट्रक सरळ उभा राहील. राहील. पण स्टिकरवरचा आकडा त्याने बदलत नाही, फक्त मागचा भाग खाली बसलेला दिसत नाही एवढंच. ब्रेक तेच, अॅक्सल तोच. लव्हलँड पास उतरताना ते आठवतं.

आता हे वाचून नवरा हसत असेल, बघ मी म्हणत होतो. त्याला सांग थांब. त्याच्या डोक्यात जो पॉप-अप आहे, स्वयंपाकाचा ओटा, फ्रिज, हीटर, बसायची गादी असलेला पूर्ण मॉडेल, तोही कोरडा हजार-साडेअकराशेच्या घरात असतो. वर पाणी, गॅस, बॅटरी, सामान धरलंस की साडेसोळाशे. म्हणजे तोही वर जातो, कमी वर जातो एवढंच. तुमच्या ट्रकवर तिघांसकट नीट बसेल तो म्हणजे नुसतं कवच, वर उचलायचं छप्पर, कापड, केबिनच्या वरचा पलंग, आणि आत रिकामं. असे कवचवाले पॉप-अप आता बरेच जण बनवतात, साधारण पाच-सहाशे पाउंडात. आत तुम्ही स्वतः दहा गॅलनचे पाण्याचे कॅन, छोटा फ्रिज, लिथियमची हलकी बॅटरी, दोन बर्नरची शेगडी ठेवायची. सगळं मिळून हजाराच्या आत, म्हणजे दीड-दोनशे पाउंड शिल्लक. हौद्याचं मागचं झाकण काढून घरी ठेवलं तर अजून पन्नास-साठ मिळतात.

म्हणजे ताई शेवटी नवऱ्याच्याच बाजूने गेली असं वाटेल. थांब जरा, मी दोन्ही वापरलेत. बॉइझीला आल्यावर सहा वर्षं आमच्याकडे पॉप-अप होता, मग एक-टनी, म्हणजे जास्त वजन पेलणारा ट्रक घेतला आणि त्यावर जुना हार्ड-साइडेड. त्यामुळे दोघांची खोड माहितीये.

पॉप-अपची खोड सांगते, जी नवरा तुला सांगणार नाही कारण त्याला अजून माहितीच नाही. छप्पर उचलायचं म्हणजे मागच्या दारातून वाकून आत शिरायचं, पुढच्या टोकाच्या फळीला दोन्ही हात लावून वर ढकलायचं, मग मागची. नवा असताना गंमत वाटते. मग छपरावर सोलर पॅनल आलं, मग कयाकचा रॅक आला, आणि मी पाच फूट एक इंच, उजवा खांदा आखडलेला, मी त्या फळीखाली डोकं लावून उभी आणि बाहेरून हे विचारतायत "झालं का?" छप्पर वर ढकलायला मदत करणारे गॅस भरलेले दांडे लावून घेतले मग, त्याने पुष्कळ फरक पडतो, पहिल्या दिवशीच लावा.

दुसरं कापड. ओली छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली की चार दिवसांनी उघडताना जो वास येतो तो तुला सांगलीचा पावसाळा असल्यामुळे समजावून सांगायला नको. आम्ही ऑरेगनच्या किनाऱ्यावर टिलामूककडे तीन दिवस भिजलो, रविवारी रात्री ओलाच मिटला, सोमवारी दोघांची ऑफिसं, आणि पुढच्या शुक्रवारी उघडला तर कापडाच्या घडीवर काळे ठिपके, तिळाएवढे, ओळीने. व्हिनेगर, ब्रश, उन्हं, सगळं केलं, ठिपके थोडे फिके झाले, गेले नाहीत. तेव्हा नियम करा, घरी पोचलात की दमलात तरी छप्पर उघडायचं, एक दिवस वाळू द्यायचं. ड्राइव्ह-वेत उघडून ठेवला तर तुमच्या सोसायटीवाल्यांचं, ते एचओए का काय, त्यांचं पत्र येतं का तेही आधी विचारून ठेवा.

आणि तिसरं, वाफ. तीन माणसं रात्रभर श्वास घेणार, त्यात सकाळी कुकर. थंडीत कापडावर आतून पाणी सुटतं, आणि गॅस जळताना त्यातूनही वाफच निघते हे लोक विसरतात. आतून लावायचं अस्तर मिळतं थंडीसाठी, ते घ्या, आणि एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा, थंडी वाजली तरी. कोलोरॅडोत लेडव्हिलसारख्या दहा हजार फुटांवरच्या ठिकाणी सप्टेंबरमध्येच रात्री पाणी गोठतं, तिथे नुसत्या कवचाला हीटर नसेल तर लेक दुसऱ्या वर्षी येणार नाही. हीटर म्हणजे बाहेर धूर सोडणारा, नळी असलेला. शेगडी पेटवून झोपायचा विचारसुद्धा नको, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरी बघून लावा.

फोडणीचं वेगळं सांगते कारण हे इंग्रजीतल्या कुठल्याच परीक्षणात सापडणार नाही. पॉप-अपमध्ये फोडणी दिली की वास कापडातून निघून जातो, अर्ध्या तासात. हार्ड-साइडेडमध्ये हिंग एकदा बसला की बसला. आमच्या गाद्यांना अजून दोन हजार एकोणीसच्या येलोस्टोनच्या आमटीचा वास आहे असं मुलगा म्हणतो. शिवाय धुराचा अलार्म डोक्यावरच, मोहरी तडतडली की हाही ओरडतो. दोन्हीत फोडणी बाहेरच्या बाकावर, आत फक्त भात आणि चहा, हाच नियम बरा.

हार्ड-साइडेडचं सुख मात्र खरं आहे, ते मी नाकारणार नाही. रस्त्यात पाऊस आला, दार उघडलं, आत गेलं, चहा टाकला, बाहेर काही उघडायचं-मिटायचं नाही. रात्री दोन वाजता टॉयलेट चार पावलांवर, त्यात चप्पल-टॉर्च-जॅकेट हा प्रकार नाही. शेजारी जनरेटर लावणारा असेल तर कापडातून तो तुमच्या उशाशी लावल्यासारखा ऐकू येतो, भिंतीतून जरा कमी. मला झोप लागते आता. पॉप-अपमध्ये वारा सुटला की कापड फडफडायचं आणि मी रात्रभर डोळे उघडे.

पण वाऱ्याचं उलटंही आहे. वायोमिंगमधला आय-८० हायवे, रॉलिन्स ते लॅरॅमी, मधे तो एल्क माउंटन, तिथला वारा तुम्ही डेन्व्हरवाले ऐकून असालच. हलक्या उंच गाड्यांना तो रस्ता बंद करतात मधूनमधून. आमचा ट्रक कॅम्परसकट अकरा फूट दोन इंच उंच, तो आकडा मी डॅशबोर्डवर टेप लावून लिहिलाय कारण हे एकदा कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घुसायला निघाले होते. त्या दिवशी रॉलिन्सलाच थांबलो, एका दुकानाच्या पार्किंगमध्ये रात्र काढली, आणि आमच्या समोरून एक पॉप-अपवाला छप्पर मिटून, ट्रकच्या केबिनपेक्षा वीतभर उंच, आरामात निघून गेला. तसंच सॉटूथकडच्या जंगलात एका वळणावर पाइनच्या फांदीने आमच्या पंख्याचं झाकण नेलं. त्यानंतर अशा रस्त्यांवर जाणं आपोआप कमी झालं. खरं सांगायचं तर हार्ड-साइडेड घेतल्यावर आमच्या बाहेरच्या रात्री वाढल्या आणि जागा कमी झाल्या. युटाहच्या कच्च्या रस्त्यांचं म्हणशील तर नवरा बरोबर आहे, तिथे उंची आणि वरचं वजन दोन्ही त्रास देतं, खड्ड्यात एक चाक गेलं की वरचं घर डोलतं आणि पोटात गोळा येतो.

छपराची गळती दोघांनाही असते, पण पक्क्या भिंतीत ती लपते. वर्षातून दोनदा शिडी लावून सगळ्या सांध्यांवरचं सीलंट बघायचं, चिरा दिसल्या की भरायच्या. जुना घेतलास तर आत शिरल्यावर आधी नाकाने बघ, मग कोपऱ्यातल्या भिंती अंगठ्याने दाब, मऊ लागलं तर पैसे खिशात ठेव आणि घरी ये.

आता अस्वलं. कोलोरॅडोत काळी अस्वलं आहेत, ग्रिझली, म्हणजे ती मोठी तपकिरी, नाहीत, शेवटची सॅन वान डोंगरात १९७९ मध्ये मारली गेली. काळं अस्वल कापड आहे का भिंत हे बघत नाही, वास कुठून येतो ते बघतं, गाडीचं दार उघडतात ते, त्यामुळे खाणं कॅम्पग्राउंडच्या लोखंडी पेटीत, आणि टूथपेस्टसुद्धा तिथेच. खरा प्रश्न वर उत्तरेला येतो. येलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला फक्त पक्क्या भिंतीच्या गाड्या घेतात, पॉप-अप चालत नाही. उद्यानाच्या ईशान्य दाराबाहेर कुक सिटीजवळ सोडा ब्यूटला २०१० मध्ये ग्रिझलीने तंबूतल्या माणसांवर हल्ला केला, एक जण गेला, तिथेही आता फक्त पक्क्या भिंती. पण येलोस्टोनमधल्या इतर बऱ्याच कॅम्पग्राउंडवर तंबूसुद्धा चालतात, आणि कॅनडात बॅन्फला लेक लुईसला तर तंबू आणि कापडवाल्यांसाठी विजेच्या कुंपणाच्या आत वेगळी जागा केलीय. म्हणजे पॉप-अप घेतला तर दोन-चार ठिकाणं बाद होतात, यादी बघून बुकिंग करायचं, बस. तुम्ही मागच्या वर्षी चौदा रात्री तंबूत झोपलात, भीती तेव्हाही होती ना? की ती भीती टॉयलेटची आहे आणि नाव अस्वलाचं घेतलंय? रागावू नकोस, मीसुद्धा सहा वर्षं हेच केलं. टॉयलेट पॉप-अपमध्येही येतं, पोर्टेबल, पलंगाखाली सरकवायचं, खालची पेटी वेगळी करून ओतायची. देखणं नाही, पण रात्री दोनला देखणं कोण बघतंय.

सासूसासऱ्यांचं मात्र मी स्पष्ट सांगते, त्यांना या हिशेबातून काढून टाक. हार्ड-साइडेड घेतलास तरी ते त्यात झोपणार नाहीत. दारापर्यंत तीन-चार उंच पायऱ्या, केबिनवरच्या पलंगावर गुडघ्यांवर रांगत जायचं, उठून बसलं की डोकं छपराला. सत्तरीच्या बाईला रात्री तिथून खाली उतरवायचं? खालचा टेबल मोडून होणारा पलंग आमच्या लेकाला चौदाव्या वर्षी अपुरा पडला. शिवाय ट्रकमध्ये अजून दोन माणसं बसली की पेलोडमधून तीनशे गेले, आणि चालत्या गाडीत त्यांना मागे कॅम्परमध्ये बसवायचं मनातसुद्धा आणू नकोस, काही राज्यांत कायद्याने चालत असलं तरी, तिथे ना सीटबेल्ट ना काही. त्यांच्यासाठी स्टेट पार्कमधली केबिन घ्या. गोल्डन गेट कॅनियन तुमच्याजवळच आहे, तिथे केबिन आणि यर्ट, म्हणजे गोल तंबूघरं, आहेत, म्यूलरला आहेत, सिल्व्हन लेकला आहेत. ते केबिनमध्ये गादीवर, तुम्ही त्याच पार्कात कॅम्परमध्ये, जेवण एकत्र. त्यांना नेण्या-आणण्यासाठी एखादी छोटी कार भाड्याने घ्या आणि दुपारचा गडगडाट सुरू झाला की सासऱ्यांना सांगा, इथेही लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. जून-जुलैच्या केबिन्स लवकर भरतात, हे मात्र आजच कर.

आता तुला पक्क्या भिंतीच हव्या असतील, म्हणजे खरंच, अस्वल बाजूला ठेवून, तर एक तिसरी गोष्ट आहे जी तुमच्या दोघांच्या भांडणात कुणी बोललंच नाही. तुमचा ट्रक ओढायला चांगला आहे, मग ओढायला लावा. साडेतीन हजार पाउंडांचा छोटा ट्रेलर, पक्क्या भिंती, टॉयलेट, खरा पलंग. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार तेवढा ट्रकवर येतो, म्हणजे साडेतीनशे ते सव्वापाचशे, तुमच्या ११८५ मध्ये आरामात. युटाहचे कच्चे रस्ते मग गेले, आणि तो ठेवायचा कुठे हा प्रश्न आला, भाड्याच्या यार्डात ठेवावा लागेल कदाचित. उलटा पार्क करायला दोघांनाही शिकावं लागेल, त्यावरून एक वेगळं भांडण. एका कंपनीचा पक्क्या भिंतींचाच पॉप-अपही आहे, अलास्कन, वरचा अर्धा भाग खालच्यावरून हायड्रॉलिकने वर सरकतो, १९५० च्या दशकापासून बनतोय, मला फार आवडतो, पण वजन बघितलंस की तुमच्या स्टिकरपुढे तोही हात जोडेल.

माझं मत विचारलंस तर, चौदा रात्री, तीन माणसं, हाच ट्रक: कवचवाला हलका पॉप-अप, हीटर आणि आतलं अस्तर आणि पोर्टेबल टॉयलेट धरून. याच अटीवर, अस्तर आणि हीटर "पुढच्या वर्षी बघू" असं नवरा म्हणाला तर मग नाही. ट्रक बदलून एक-टनी घ्यायची तयारी असेल तर तुझा हार्ड-साइडेड, मग माझी काही हरकत नाही, पण तो निर्णय साठ-सत्तर हजारांच्या ट्रकचा आहे, कॅम्परचा नाही, हे समजून घ्या. आणि विकत घ्यायच्या आधी दोन्ही एकेक वीकएंड भाड्याने घ्या, लोक आपापले कॅम्पर भाड्याने देतात ऑनलाइन. शक्यतो पाऊस असलेला वीकएंड बघून घ्या. बिघडलेल्या हवेत तुम्हाला जे कळेल ते मी दोन हजार शब्दांत सांगू शकणार नाही.

डीलरला अजून अॅडव्हान्स देऊ नका. आधी ट्रक नेहमीच्या सामानाने भरा, तिघं बसा, आणि हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल असतो तिथे वजन करा, पंधरा-वीस डॉलर लागतात, पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल वेगवेगळा छापून मिळतो. ती पावती मला पाठव. आणि नवऱ्याचं वजन खरं लिही, लायसन्सवरचं नको.

तुझी ताई